घट किती, भाऊ?

जळगावच्या सराफ बाजारात जुना दागिना मोडायला आलेलं गिऱ्हाईक दोन प्रश्न विचारल्याशिवाय हातातली पुडी सोडत नाही. टंच किती आणि घट किती? टंच म्हणजे सोन्याचा कस. घट म्हणजे दागिना आटवला की मळ, लाख, डाख जाऊन वजनात येणारी तूट. सुवर्णनगरी म्हणवणाऱ्या या गावात हे दोन शब्द शाळकरी पोरालाही ठाऊक असतात. पण तेच गिऱ्हाईक गोलाणी मार्केटात कॉम्प्युटर जोडून घ्यायला बसलं की हा चोखंदळपणा कुठल्या कुठे जातो. प्रोसेसर कोणत्या पिढीचा, रॅम किती, ग्राफिक्स कार्डाला पंखे किती, यावर तासभर खल होतो. शेवटी दुकानदार विचारतो, “भाऊ, एसएमपीएस कोणता टाकू?” उत्तर ठरलेलं असतं: “टाका कोणताही, चालला म्हणजे झालं.”

हल्ली या एसएमपीएसच्या खोक्यांवर धातूंची नावं आली आहेत. ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, टायटॅनियम. कॅबिनेटसोबत जवळपास फुकटात येणारा डबा एकीकडे आणि त्याच्या कित्येक पट भावाचा ‘गोल्ड’ दुसरीकडे. सोन्याच्या गावात सोन्याचं नाव वाचून कुणी भुलतो, कुणी बिचकतो. खरं तर सराफाला विचारतो तोच प्रश्न इथेही पुरेसा आहे: घट किती? खान्देशापुरता त्याला एक पुरवणी प्रश्न जोडायचा: ही घट मे महिन्यात जाते कुठे?

घट म्हणजे ऊब

महावितरणची वीज घरात येते ती २३० व्होल्टची, सेकंदाला ५० आवर्तनं करणारी, म्हणजे सतत दिशा बदलणारी. संगणकातल्या भागांना हवी असते १२, ५ आणि ३.३ व्होल्टची, एकाच दिशेने वाहणारी. हा बदल करून देणारा डबा म्हणजे स्विच मोड पॉवर सप्लाय, दुकानाच्या भाषेत एसएमपीएस.

पूर्वीच्या वीजपुरवठ्यात लोखंडी गाभ्याचा जडशीळ ट्रान्सफॉर्मर असे आणि नको असलेले व्होल्ट सरळ उष्णता करून जाळून टाकले जात. १९७७ च्या ॲपल-२ या घरगुती संगणकात स्विचिंग पद्धतीचा हलका पुरवठा आला आणि पुढे तीच वहिवाट पडली. १९८१ च्या आयबीएम पीसीमधला पुरवठा अवघा ६३.५ वॉटचा होता. आज एकट्या ग्राफिक्स कार्डाला त्याच्या दुप्पट-तिप्पट वीज लागते.

एसएमपीएसची युक्ती हौद उपसण्यासारखी आहे. मोठी घागर सावकाश भरून आणा किंवा छोटा तांब्या भराभर चालवा, पाणी तेवढंच निघतं. चांगल्या डब्यात आधी भिंतीतली वीज एकदिश करून सुमारे ३८० ते ४०० व्होल्टपर्यंत चढवली जाते आणि एका मोठ्या कपॅसिटरमध्ये साठवली जाते. मग ट्रान्झिस्टर तिचे सेकंदाला हजारो तुकडे पाडतात. तुकडे इतके झपाट्याने पडत असल्यामुळे काडेपेटीहून थोडा मोठा ट्रान्सफॉर्मरही ते काम पेलतो. पलीकडे पुन्हा एकदिश करून १२ व्होल्ट तयार.

या प्रवासात जागोजागी थोडी वीज सांडते. डायोडमध्ये, तांब्याच्या तारेत, ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात, आणि ट्रान्झिस्टर चालू-बंद होण्याच्या त्या क्षणात. महागड्या एसएमपीएसमध्ये डायोडच्या जागी कमी रोधाचे ट्रान्झिस्टर असतात. शिवाय रेझोनंट नावाची रचना असते. पाळणा टोकाला जाऊन क्षणभर थबकतो तेव्हाच झोका दिला तर जोर लागत नाही. तसं व्होल्टेज शून्यावर आलेलं असतानाच ट्रान्झिस्टर चालू केला की सांडलवंड कमी होते.

भिंतीतून १०० वॉट घेतले आणि यंत्राला ८० वॉट दिले, तर कार्यक्षमता ८० टक्के. उरलेले २० वॉट म्हणजे घट. सराफाकडची घट मुशीत जळून जाते, ही घट ऊब होऊन आपल्याच खोलीत राहते.

शिक्का कुणाचा, कुठे मारलेला

धातूंच्या नावांमागे ‘८० प्लस’ हा अमेरिकेतला उपक्रम आहे. इकॉस कन्सल्टिंग या संस्थेने तो २००४ मध्ये सुरू केला. एसएमपीएसवर त्याच्या क्षमतेच्या २०, ५० आणि १०० टक्के भार टाकायचा आणि तिन्ही वेळा कार्यक्षमता ८० टक्क्यांच्या वर राहिली तर शिक्का द्यायचा, हा मूळ नियमाचा गाभा. पुढे ८० टक्के गाठणारे पुष्कळ झाले तेव्हा वरच्या पायऱ्या कराव्या लागल्या, त्यांना धातूंची नावं मिळाली.

अमेरिकेतल्या ११५ व्होल्टवर ब्रॉन्झला अर्ध्या भारावर ८५ टक्के लागतात, गोल्डला ९०, प्लॅटिनमला ९२ आणि टायटॅनियमला ९४. आपल्यासारख्या २३० व्होल्टच्या मापाने गोल्डची अर्ध्या भारावरची अट ९२ टक्के आहे. इथे सराफाचा कान टवकारेल. २२ कॅरेट सोन्यात १००० भागांत ९१६ भाग शुद्ध सोनं असतं, म्हणून त्यावर ९१६ ची खूण असते. म्हणजे गोल्ड एसएमपीएसचा टंच जवळपास २२ कॅरेटचाच झाला. त्याच हिशेबाने नुसता ‘८० प्लस’ १९ कॅरेटचा आणि ७० टक्क्यांवर रेंगाळणारा बिनशिक्क्याचा डबा १७ कॅरेटचाही नाही.

११५ आणि २३० चा फरकही समजून घेण्याजोगा आहे. तेवढेच वॉट दुप्पट व्होल्टवर घेतले की प्रवाह निम्मा होतो, आणि तारेत जळणारी वीज प्रवाहाच्या वर्गाने बदलते म्हणून ती चौथ्या हिश्शावर येते. त्यामुळे तिकडे ११५ वर तपासलेला डबा आपल्याकडे टक्का-दीड टक्का सरसच वागतो. उलट शेतीपंप सुरू झाल्यावर गावाकडच्या लाइनीवर व्होल्टेज घसरलं की घट वाढते. चांगला एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टपर्यंत आपोआप जुळवून घेतो, त्यामुळे यंत्र बंद पडत नाही, पण तो जास्त प्रवाह ओढतो आणि जास्त तापतो.

शिक्क्याच्या दोन मर्यादा मात्र गिऱ्हाइकाने ओळखाव्यात. दागिन्यावरचा सहा अक्षरांकांचा एचयूआयडी त्या एकाच दागिन्याचा असतो. ८० प्लसचा शिक्का मॉडेलचा असतो, उत्पादकाने पाठवलेला नमुना तपासून दिलेला. म्हणून खोक्यावरच्या चित्रावर विसंबू नये, मॉडेलचा पूर्ण क्रमांक उपक्रमाच्या यादीत शोधावा. शिक्का छापायला छापखाना पुरतो, यादीत नाव घालायला पुरत नाही. दुसरी मर्यादा मोठी आहे. ही परीक्षा साधारण २३ अंश सेल्सिअसच्या खोलीत होते. जळगावात मे महिन्यात २३ अंश कुठे असतात? पहाटेसुद्धा क्वचितच.

मे महिन्याची कसोटी

भुसावळ-जळगाव पट्ट्यात उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, धुळ्याचीही फार वेगळी गत नसते. पत्र्याखालच्या किंवा पश्चिमेच्या भिंतीच्या खोलीत कूलर नसेल तर हवा चाळिशी ओलांडते आणि कॅबिनेटच्या आत ती आणखी आठ-दहा अंशांनी तापते. एसएमपीएसचा पंखा हीच हवा आत ओढतो आणि तिनेच स्वतःला गार करू पाहतो.

आणि नेमक्या याच दिवसांत लग्नसराई. खान्देशातल्या गावोगावचे फोटो-व्हिडिओवाले एप्रिल-मे मध्ये हळदीपासून पाठवणीपर्यंतचं चित्रण संपादित करत रात्र-रात्र यंत्र पळवतात. वर्षातलं सर्वांत जास्त काम आणि सर्वांत जास्त ऊन एकाच वेळी त्या डब्यावर येतं. “ऐन सीझनला एसएमपीएस उडाला” ही तक्रार म्हणून नशिबाची नसते, तपमानाची असते.

पहिला बळी कपॅसिटरचा जातो. त्यातलं द्रव उष्णतेने हळूहळू आटतं, डोकं फुगतं आणि कारागीर डबा उघडून म्हणतो, “कपॅसिटर फुगलाय.” याचा एक ढोबळ नियम आहे: तपमान दहा अंशांनी कमी केलं की आयुष्य दुप्पट. कपॅसिटरवर ८५ किंवा १०५ अंश असं लिहिलेलं असतं. समजा दोन कपॅसिटर आपापल्या कमाल तपमानाला २००० तास टिकणारे आहेत आणि डब्यात ६५ अंश आहेत. १०५ वाल्याला चार वेळा दुपटीचा लाभ मिळतो, म्हणजे ३२ हजार तास. ८५ वाल्याला दोनदाच, म्हणजे ८ हजार. दिवसाला दहा तास आणि वर्षाला ३०० दिवस काम धरलं तर पहिला दहा वर्षं पार करील, दुसरा तीन वर्षांच्या आत मान टाकील. दुकानात दोन्ही डबे सारखेच दिसतात.

आता घटीकडे परत येऊ. व्हिडिओवाल्याच्या यंत्राला काम चालू असताना ३५० वॉट लागतात असं धरू. ब्रॉन्झ दर्जाचा एसएमपीएस भिंतीतून सुमारे ४०५ वॉट ओढील, गोल्ड सुमारे ३८२. पहिल्याच्या पोटात ५५ वॉटची ऊब साठते, दुसऱ्याच्या ३२ ची. २३ वॉटची ही तफावत थंड हवेच्या गावी कुणाला जाणवणार नाही. पण ४२ अंशांच्या खोलीत पंखा किती जोरात फिरेल, आतले भाग किती तापतील आणि कपॅसिटर किती वर्षं जगेल, हे तीच ठरवते. म्हणून इथे कार्यक्षमतेची किंमत बिलापेक्षा आयुष्यात जास्त वसूल होते.

खरेदी करताना त्यासाठी एक ओळ शोधायची: पूर्ण क्षमता किती तपमानापर्यंत? काही उत्पादक ४० अंशांची हमी देतात, काही ५० ची. स्वस्त डब्यांवर ही ओळच नसते, किंवा आकडा २५ अंशांचा असतो. असा ‘४५० वॉट’ मे महिन्यात ४५० राहत नाही. जोडीला जास्त तापल्यास स्वतःहून बंद होण्याचं संरक्षण आहे का, हेही पाहावं. सायप्रसमधली सायबेनेटिक्स ही प्रयोगशाळा कार्यक्षमता शेकडो वेगवेगळ्या भारांवर मोजते आणि पंख्याच्या आवाजालाही वेगळा दर्जा देते. तिचे अहवाल वाचायला मिळाले तर तीन भारांच्या शिक्क्यापेक्षा चित्र बरंच स्पष्ट होतं.

धुळीचंही असंच. धुळ्याच्या नावावर विनोद पुष्कळ झाले, पण जिनिंगच्या गावात रुईचे तंतू एसएमपीएसच्या जाळीवर बसून गोधडी तयार होते तेव्हा विनोद संपतो. अडलेली हवा कितीही भारी शिक्क्याला जुमानत नाही. दिवाळीच्या झाडझुडीबरोबर एकदा आणि उन्हाळा लागण्यापूर्वी एकदा, वीज काढून, जाळी साफ करावी. आणि कूलरची ओली झुळूक थेट कॅबिनेटवर घेऊ नये. गारव्याबरोबर ती ओलही आत नेते आणि कूलरच्या पाण्यातले क्षारही.

घडासाठी ट्रक नको

“थोडा मोठाच घेऊन ठेवू” हा आपला स्वभाव. पण एसएमपीएस अर्ध्या भाराच्या आसपास सर्वांत चांगला चालतो आणि अगदी हलक्या भारावर त्याची कार्यक्षमता कोसळते. टायपिंग, बिलं आणि ऑनलाइन फॉर्म भरणारं यंत्र ४०-५० वॉटवर बसून असतं. त्याला ७५० वॉटचा गोल्ड लावणं म्हणजे केळीचा एक घड आणायला रावेरला दहा चाकी ट्रक पाठवणं. भार २० टक्क्यांच्या खाली गेला की गोल्डचा शिक्का कशालाच बांधील नसतो. १० टक्क्यांवरची परीक्षा या उतरंडीत फक्त टायटॅनियमला द्यावी लागते.

हिशेब सोपा आहे. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाचे जास्तीत जास्त वॉट मिळवायचे, बाकी सगळ्यासाठी ५०-६० धरायचे आणि वर तिसरा हिस्सा मोकळा ठेवायचा. नवी ग्राफिक्स कार्डं क्षणभरासाठी अचानक दुप्पट वीज मागतात. २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या मानकात असे अल्पकालीन झटके पेलण्याची अट घातलेली आहे, म्हणून मोठं कार्ड लावणाऱ्याने त्या मानकाचा उल्लेख पाहून घ्यावा.

वॉटचा मोठा आकडा वाचण्याआधी बाजूच्या पट्टीवरचा तक्ता वाचावा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही १२ व्होल्टवर जगतात. त्या रकान्यात १४ अँपिअर लिहिलं असेल तर १२ गुणिले १४ म्हणजे १६८ वॉट एवढीच कामाची ताकद, वर ‘४५०’ छापलेलं असलं तरी. चांगल्या डब्यात जवळपास सगळी क्षमता १२ व्होल्टवर मिळते. सराफ वजन करताना खडे वेगळे काढतो, तसं हे खड्यांचं वजन आधी वजा करावं.

मीटरचा लाल दिवा

घरी घट मोजायची कशी? एसएमपीएस यंत्राला किती वॉट देतो हे मोजायला प्रयोगशाळा लागते. पण दोन एसएमपीएसची तुलना दारातल्या मीटरवर करता येते. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो ते मीटरवरच छापलेलं असतं. समजा आकडा ३२०० आहे. म्हणजे दर लुकलुकीला ०.३१ वॉट-तासाहून किंचित जास्त वीज गेली. घरातलं बाकी सगळं बंद करा, फ्रिजसुद्धा. संगणकावर एकच ठरावीक काम लावा आणि दहा मिनिटं दिवा मोजा. ६१ वेळा लुकलुकला तर यंत्र भिंतीतून सुमारे ११४ वॉट घेत आहे. मग एसएमपीएस बदलून तेच काम, तेवढाच वेळ. ५१ भरले तर सुमारे ९५ वॉट. यंत्राची भूक तीच होती, म्हणजे कमी झालेले १९ वॉट ही शुद्ध घटीतली बचत.

हे आकडे उगीच घेतलेले नाहीत. ८० वॉटची भूक असलेल्या यंत्राला ७० टक्क्यांचा डबा लावला तर ११४ वॉट लागतात, ८४ टक्क्यांच्या ब्रॉन्झला ९५ आणि ८९ टक्क्यांच्या गोल्डला ९०. वर्षाला तीन हजार तास आणि हिशेबाच्या सोयीसाठी युनिटला १० रुपये धरले, तर बिनशिक्क्याच्या डब्यावरून ब्रॉन्झवर आल्याने ५७ युनिट म्हणजे ५७० रुपये वाचतात. ब्रॉन्झवरून गोल्डवर गेल्याने आणखी १५ युनिट, दीडशे रुपये. पहिली उडी दोन-तीन वर्षांत पैसे परत करते. दुसऱ्या उडीला निव्वळ बिलाच्या आधारावर बरीच वर्षं लागतात. याउलट लग्नसराईतल्या त्या ३५० वॉटच्या यंत्राला वर्षाचे ३०० दिवस रोज बारा तास राबवलं तर ब्रॉन्झ आणि गोल्डमधला फरकच वर्षाला ८० युनिटांच्या आसपास जातो. तिथे गोल्ड मिरवायचा दागिना न राहता धंद्याचं अवजार होतो.

या युनिटांच्या पाठीमागे आणखी एक घट उभी असते. भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक केंद्रासारख्या ठिकाणी कोळशाच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने तिसरा हिस्साच वीज होऊन बाहेर पडतो, मग तारांत आणखी काही जातो. आपल्याकडे वाचलेलं एक युनिट तिकडे तिप्पट उष्णतेचा कोळसा वाचवतं. धुळे जिल्ह्यात साक्रीजवळ महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे. तिथल्या पॅनलमधून वीज निघते एकदिश, वाहिन्यांवर घालण्यासाठी ती उलटसुलट वाहणारी केली जाते, आणि आपला एसएमपीएस तिला पुन्हा एकदिश करतो. दर वेळी हात बदलला की थोडी घट आलीच.

वीज गेली तर

एसएमपीएसमधला मोठा कपॅसिटर वीज गेल्यावरही यंत्राला सुमारे १६ मिलिसेकंद तगवतो. आपल्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं, म्हणजे ही मुदत डोळ्याची पापणी लवण्याच्याही आतली. तेवढ्यात यूपीएसने सूत्रं हाती घ्यायची असतात. यूपीएस ते साधतो. घरचा इन्व्हर्टर साध्या मोडवर असेल तर त्याला जास्त वेळ लागतो आणि यंत्र पुन्हा सुरू होतं. म्हणून इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण असतं, ते चालू ठेवावं. आणखी एक गोष्ट: चांगल्या एसएमपीएसमध्ये पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट असतं, आणि स्वस्त यूपीएसच्या पायऱ्यापायऱ्यांच्या लहरीशी त्याचं कधीकधी जमत नाही. वीज गेली की बीप वाजून सगळंच बंद पडतं आणि दोष नव्या महाग एसएमपीएसला लागतो. त्याच्या जोडीला शुद्ध साइन लहरीचा यूपीएस असेल तर हा घोळ टळतो.

“कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, एसएमपीएस खराब आहे” ही तक्रार उन्हाळ्यात जास्त ऐकू येते. बहुतेक वेळा दोष अर्थिंगचा असतो. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात आणि ते किंचित प्रवाह अर्थच्या तारेत सोडतात. अर्थ जिवंत नसेल तर तोच कॅबिनेटच्या पत्र्यावर रेंगाळतो. काळी जमीन उन्हाने भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि जमिनीचा रोध वाढतो. एसएमपीएस बदलण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावी आणि खड्ड्यात पाणी टाकावं.

तर गोलाणी मार्केटातल्या त्या प्रश्नाचं उत्तर एका धातूच्या नावात बसत नाही. फॉर्म भरणाऱ्या केंद्राला आणि घरच्या अभ्यासाच्या यंत्राला ४०० ते ५०० वॉटचा खरा ब्रॉन्झ पुष्कळ झाला. वाचलेल्या पैशांत बरा यूपीएस घ्यावा. रात्रंदिवस राबणाऱ्या, मोठं ग्राफिक्स कार्ड असलेल्या यंत्राला गोल्ड घ्यावा, पण ५० अंशांची हमी आणि १०५ अंशांचे कपॅसिटर पाहून. प्लॅटिनम-टायटॅनियमचा विचार जिथे यंत्र कधी बंदच होत नाही तिथल्यांनी करावा. बिनशिक्क्याचा हलका डबा कुणीच घेऊ नये, कारण त्याची खरी किंमत दर महिन्याच्या बिलात आणि एखाद्या मे महिन्यात एकरकमी फेडावी लागते.

दुकानदार पुन्हा विचारील, “कोणता टाकू?” तेव्हा आजीने सराफाला विचारलं असतं तसं विचारावं: घट किती, भाऊ? आणि ती पंचेचाळीस अंशांतली सांगा.